गुरुदासच्या दाराचा कौल

गुरुदास परब मालवणच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. सावंतवाडीला कुडाळवरून जाणं बरं की वेंगुर्ल्यावरून, असं कुणी खिडकीशी येऊन विचारलं, की प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार. निवृत्त होईपर्यंत त्याने एकाही उतारूला चुकीच्या गाडीत बसवलं नाही, आणि निरोप समारंभात साहेबांनी नेमकं हेच सांगून त्याला शाल द्यायचं ठरवलं. शाली दोन आणल्या होत्या, एक तपकिरी, एक निळी. साहेब सहज म्हणून गेले, "परब, आवडेल ती घ्या." पहिल्या रांगेत बसलेल्या सावित्रीने कपाळाला हात लावला. पुढे काय होणार ते तिला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. शेवटी पाहुण्यांची जायची वेळ झाली म्हणून कुणीतरी निळी शाल त्याच्या खांद्यावर टाकली, आणि घरी पोचेपर्यंत गुरुदास सांगत होता की तपकिरी जास्त मळखाऊ होती.

असा हा माणूस. दुसऱ्याची वाट त्याला लख्ख दिसायची. स्वतःची पाळी आली की पाय जमिनीत रुतायचे. मासळी बाजारात सुरमई आणि सरंग्यामध्ये त्याचा जीव एवढा अडकायचा की गाबतीण वैतागून पाटीवर फडकं टाकायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सावित्रीने मासळीची पिशवी आपल्या हाती घेतली. मग कपडेलत्ते तिच्याकडे आले, मग मुलाची शाळा, मग डॉक्टर. गुरुदासला आपलं काही हिरावलं गेलंय असं कधी वाटलं नाही. उलट तो चारचौघांत सांगायचा, आमच्याकडे सगळं विचार करून होतं. ते खरंच होतं. विचार तो करायचा आणि तोवर ती करून मोकळी व्हायची.

घराच्या बाबतीत मात्र सावित्रीकडून एक चूक झाली.

लग्न झाल्यापासून दोघं बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानाच्या माडीवर भाड्याने राहत होती. माडीचा जिना उभा, अरुंद, आणि कठड्याऐवजी एक दोर लोंबत ठेवलेला. गुरुदास निवृत्त झाल्यावर खाडीकाठच्या त्याच्या मूळ गावात, वाटणीला आलेल्या भाटल्यात, म्हणजे माडांच्या जागेत, त्यांनी चिऱ्याचं घर बांधायला काढलं. पाया, भिंती, छप्पर, फरशी, सगळं ठेकेदाराने आणि सावित्रीने मिळून झपाझप उरकलं. गुरुदास रोज येऊन बघायचा आणि मान डोलवायचा. मग दारं-खिडक्यांची वेळ आली तेव्हा एका संध्याकाळी तो चहा पिता पिता एकदम हळवा झाला.

"सावित्री, आखो जल्म माझो दुसऱ्यांक गाडये दाखवण्यात गेलो. ह्या म्होरला दार तेवढां माका बघूंदे."

सावित्रीला भरून आलं. ती हो म्हणाली. पुढे कित्येक महिने ती त्या हो ला बोल लावत होती.

पुढचं दार सागवानी होतं, मेस्त्रीने मन लावून केलेलं. पण त्याला मूठ आणि कुलूप कुठल्या कंपनीचं बसवायचं, हे ठरल्याशिवाय ते चौकटीत चढणार नव्हतं. प्रत्येक कंपनीच्या कुलपाची खोबण वेगळी. एकदा लाकडात भोक पाडलं की ते बुजत नाही, हे मेस्त्रीने सांगितलं आणि गुरुदासच्या डोळ्यांत भीती दाटली. त्याच्या आयुष्यात परत न फिरणारी गाडी ही पहिलीच. दार प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं गेलं. चौकटीला नारळाची झापं बांधली गेली. आणि घर थांबलं.

कुडाळला हायवेवर सुदेशचं शोरूम होतं. आत थंडगार हवा, मंद सूर, आणि भिंतीभर दारं. ती उघडली की पलीकडे परत भिंतच. सुदेश पोरगेलासा, शर्ट खोचलेला, ऑफिसातलं मराठी बोलणारा. त्याने गुरुदासला "सर" म्हटलं आणि त्याच क्षणी निम्मं गिऱ्हाईक त्याच्या खिशात गेलं. मग त्याने मखमलीच्या तबकात दोन मुठी आणून ठेवल्या, लग्नाचे दागिने दाखवावेत तशा. एक जर्मन, एक इटालियन. सावित्रीकडे वळून म्हणाला, "काकी, दार म्हणजे घराचा चेहरा. आणि हँडल म्हणजे घराने पाहुण्याशी केलेलं हस्तांदोलन."

सावित्रीने मूठ हातात घेऊन बघितली. चांगली जड होती, नारळ सोलायला उपयोगी पडली असती. तिच्या मनात आलं, आमच्याकडे पाहुणा दाराला हात लावतो कधी? तो खळ्यातून, म्हणजे अंगणातूनच, हाक मारत येतो, आणि दार तर दिवसभर सताड उघडं. ओळखीची बाई असेल तर मागीलदारानेच आत येऊन चुलीपाशी टेकते. पण गुरुदासने डोळे मिटले होते. सुदेशने त्याला "फील" घ्यायला सांगितलं होतं आणि तो घेत होता.

कंपन्यांची खरी नावं सावित्रीच्या जिभेवर काही ठरेनात. त्यामुळे घरात नुसतं जर्मन आणि इटालियन असंच बोललं जाऊ लागलं. ऐकणाऱ्याला वाटावं, मुलीला दोन स्थळं सांगून आली आहेत. जर्मन शिस्तीचं, कमी बोलणारं, टिकाऊ. इटालियन दिसायला देखणं, पण पुढे कसं वागेल कोण जाणे. एखादे दिवशी गुरुदास सकाळी जर्मनच्या बाजूने उठायचा आणि दुपारी जेवून उठेपर्यंत इटालियनकडे झुकायचा. पुण्यात नोकरीला असलेल्या ओमकारला, म्हणजे मुलाला, त्याने फोनवर मत विचारलं. ओमकार म्हणाला, बाबा, काहीही लावा. गुरुदास दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. काहीही लावायला ते घराचं दार आहे की गोठ्याचं, असं त्याचं म्हणणं.

मग खाऱ्या हवेचा प्रश्न निघाला. समुद्राकाठी लोखंड वर्षात कुजतं, पितळ हिरवं पडतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. दोन्ही कंपन्या म्हणत होत्या की आमच्या मुठीला खारी हवा काही करू शकत नाही. कागदावर लिहिलेलं गुरुदास मानायला तयार नव्हता. त्याने सुदेशच्या मागे लागून नमुन्याच्या दोन्ही मुठी मागून आणल्या आणि मालवणच्या जेटीवर गेला.

जेटीवर गुलामची होडी असायची. गुलाम त्याचा शाळेपासूनचा दोस्त, बापजाद्यांपासून मासेमारीत. गुरुदासने दोन मुठी सुतळीला बांधून होडीच्या कडेला पाण्यात सोडायला सांगितल्या तेव्हा गुलामने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. मग म्हणाला, "गुरग्या, समुद्रात दार लावतंस की काय रे? आत कोण ऱ्हवता तुझो?" पण दोस्ताचा शब्द म्हणून त्याने मुठी सोडल्या. त्या हंगामभर जेटीवर गुलामची चेष्टा चालली होती. बाकीचे खलाशी होडीत चढण्याआधी टकटक करून "आत येऊ काय?" विचारायचे.

हंगाम सरत आला तेव्हा मुठी वर काढल्या. शेवाळ पुसून गुरुदासने त्या उन्हात धरल्या. दोन्ही नव्यासारख्या झगझगीत. ना डाग, ना गंज. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. गुरुदास जेटीच्या पायरीवर मटकन बसला. दोघींतली एक तरी कुजली असती तर तो सुटला असता.

सावित्रीने हे सगळं हसून सोडून दिलं असतं. नवऱ्याला ती ओळखून होती आणि तिला त्याची चीड अशी येत नसे. पण तिची एक गोष्ट त्या दारात अडकली होती.

तिची आई, सीता, आचऱ्याला धाकट्या भावाकडे होती. गुडघे गेलेले, जमीन सपाट असेल तर काठीच्या आधाराने चार पावलं टाकायची. दुकानाच्या माडीवर ती नातवाच्या बारशाला एकदा चढली होती ती शेवटची. त्यानंतर लेकीच्या घरी तिने कधी पाऊल ठेवलं नाही. नवं घर बांधताना सावित्रीने नकाशात एकच हट्ट धरला होता: स्वयंपाकघराला लागून एक खोली, विनापायरीची, खिडकी खाडीकडे. ती कुणासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. आईलाही. लेक आपल्याला न्यायला येणार या भरवशावर ती शेजारणींना सांगायची, माझां चेडू माका व्हरूक येतला.

आणि आता भाऊ, लवू, गोव्याला निघाला होता. बायकोला म्हापशाला नोकरी लागली होती, बिऱ्हाड हलवायचं होतं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती बऱ्याचदा बंद असायची असं लवू स्वतःच फोनवर सांगून गेला. तो वाईट नव्हता. म्हणाला, "ताये, मे महिनो सरलो की जावचाच लागतला. आवशीक मी घेऊन जातंय, पण ती तोंडातून सबूद काढणा नाय. तुझां घर कधी होतला?"

सावित्री म्हणाली, होतला रे. फोन ठेवला आणि गुरुदासला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खरंच पडला. सासूवर त्याची माया होती. तो म्हणाला, मी आजच ठरवतो. मग तो चष्मा लावून बसला आणि संध्याकाळपर्यंत एक तिसरी कंपनी निघाली, अंगठा टेकवला की उघडणाऱ्या कुलपांची.

तिने सुचवून बघितलं की दाराशिवाय राहायला जाऊ, झापं आहेतच. गुरुदास म्हणाला, दार नाही ते घर कसलं, भटजी उंबऱ्याची पूजा कशाच्या जोरावर करतील. तिने सुचवलं, साधी कडी घालू. त्यावर तो दुखावला गेला. ज्या माणसाने मूठ हंगामभर समुद्रात भिजवली त्याला कडी सुचवायची. मग तिने दाराचा विषयच सोडला. पण हे सोडणं नेहमीचं नव्हतं, आणि गुरुदासलाही ते कळलं असावं, कारण त्या रात्री तो नीट जेवला नाही. सकाळी उठून त्याने जाहीर केलं की निर्णय आता आपल्या हातात ठेवायचाच नाही. गावच्या रवळनाथाला कौल लावायचा.

कौल लावणं हे काही गावात नवीन नव्हतं. लग्न जुळवायचं असो, विहीर खणायची असो, गाय हरवलेली असो, लोक देवाला विचारतात. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे टक लावून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देव जे देतो ते पाळायचं. त्यात मागे फिरणं नाही. पण कुलपाची कंपनी कुठली घ्यावी, हे त्या देवळात आजवर कुणी विचारलं नव्हतं.

धोंडू गुरवाने गुरुदासचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला पहिली अडचण आली ती गावाची. गाऱ्हाण्यात प्रत्येकाचं गाव, वाडी सांगावी लागते, नाहीतर देवाला पत्ता कसा लागणार. त्याने विचारलं, जर्मन ठीक, पण हे इटालियन खंयचां? गुरुदासने समजावलं, युरोपात, समुद्राकाठीच. धोंडूने मान हलवली. समुद्राकाठचं असेल तर देवाला ओळख पटेल. मग पाकळ्या लागल्या, मंडळी हात जोडून उभी राहिली आणि धोंडूने आवाज लावला.

"बा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

"हो तुझो लेकरू गुरुदास परब आज तुझ्या पायाकडे इलेलो आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या घराच्या म्होरल्या दाराक कुलूप खंयचां बसवचां, तां तेका उमजणा नाय. जर्मन देशातलां बसवचां तर उजवो दी. समुद्रापलीकडच्या इटालियेतलां बसवचां तर डावो दी. काय तां एकदाचा सांग आणि तेच्या डोक्याचो भार हलको कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडळी जोरात म्हणाली. शेवटच्या वाक्याला विशेष जोर होता.

सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. पाकळ्या जागच्या हलेनात. धोंडूने पुन्हा विनवलं. देव गप्प. गुरुदास पुढे वाकून कुजबुजला की रंग सांगायचा राहिला काय, एक चकचकीत आहे आणि एक मंद झाक असलेलं. धोंडूने त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला. रांगेत आपापली विचारणा घेऊन आलेली माणसं चुळबुळू लागली. एकाच्या म्हशीचा पत्ता नव्हता आणि ती दर घटकेला लांब जात होती. कुणीतरी मागून म्हणालं, "गुरुदास, देवाक जेवूक तरी सोड रे." बायकांच्या बाजूला हसू पसरलं.

सावित्री हसली नाही. ती त्या दोन पाकळ्यांकडे बघत होती आणि तिला एकदम लक्षात आलं की देवसुद्धा ह्या माणसापुढे हात टेकून बसला आहे. ह्यात देवाचा दोष नव्हता. विचारलेलंच चुकीचं होतं. ती पदर सावरून पुढे झाली.

"धोंडूबाबा, माझी एक इचारणा आसा. माझ्या आवशीक येत्या पुनवेच्या आत नव्या घरात हाडतंय. दाराक कुलूप आसूं, नायतर नसूं. देवाक मान्य आसा तर उजवो दिवंदे."

गुरुदासला मध्ये पडायचं होतं, पण देवळात, मंडळींसमोर, गाऱ्हाण्याच्या मध्ये बोलायची रीत नव्हती. धोंडूचा आवाज एकदम खुलला. आई, लेक, घर, पुनव, हे सगळे त्याच्या ओळखीचे शब्द होते, देवाच्याही. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आधीच उजवी पाकळी सुटली आणि धोंडूच्या हातावर पडली.

तेवढ्यात कुणीतरी बाहेरचा पंखा लावला होता, असं गुरुदास पुढे बरेच दिवस सांगत होता. पण पंखा तर पंखा, कौल तो कौल. तो मोडायची छाती त्याला नव्हती, आणि खरं सांगायचं तर देवळाच्या पायऱ्या उतरताना त्याचा चेहरा कधी नव्हे एवढा मोकळा दिसत होता. कुणीतरी एकदाचं त्याला गाडीत बसवलं होतं.

मेस्त्रीने दुसऱ्याच दिवशी दार चढवलं. बिजागऱ्यांवर वाद नव्हता, त्या सावित्रीने पूर्वीच आणून ठेवल्या होत्या. आतून एक जाड लाकडी आडणा, म्हणजे अडसर, घातला, पूर्वी सगळ्या घरांना असायचा तसा. बाहेरून दाराला काहीच नाही, नुसतं गुळगुळीत सागवान. हे तात्पुरतं आहे, असं गुरुदासने मेस्त्रीला दोनदा बजावलं. भटजींनी उंबऱ्याची पूजा केली आणि मुठीबद्दल चकार शब्द काढला नाही. वास्तुशांतीला गाव लोटला. माणसं खळ्यातून हाका मारत आली, जेवली, फरशी बघितली, खाडी बघितली, आणि गेली. गुरुदास दारापाशी उभा होता, कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. कुणी विचारलं नाही. एकटा गुलाम जाताना दारावर टकटक करून गेला.

पुनवेच्या आदल्या दिवशी लवूने आईला रिक्षातून आणलं. सीता रिक्षातून उतरून काही वेळ खळ्यातच उभी राहिली. सावित्रीने हात दिला तो तिने घेतला नाही. काठी टेकत, एकेक पाऊल मोजूनमापून टाकत ती उंबऱ्यापाशी आली, आणि लेकीच्या घरात आपल्या पायांनी शिरली. आपली खोली बघून म्हणाली, "बरी मोठी खोली आसा गो." सावित्री स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ उगाच भांडी विसळत राहिली.

सासू आल्याने गुरुदासचं भलतंच बरं झालं. दुपारी खाडीकडच्या खिडकीत बसून तो तिला जर्मन आणि इटालियनचं सगळं पहिल्यापासून सांगायचा. घरात असं मन लावून ऐकणारं माणूस त्याला कधी मिळालं नव्हतं. सीता मध्येच प्रश्नही विचारायची. एकदा म्हणाली, "जावयबापू, तिसरां अंगठ्याचां होता तेचां काय झालां?" गुरुदासला गहिवरून आलं. सावित्रीला आतून सगळं ऐकू येत होतं आणि तिला बरं वाटत होतं. दाराचं काय ते आता निवांत चालू दे, जन्मभर चालू दे.

मग एके सकाळी सीता न्हाणीघरात उठताना धडपडली. लागलं नाही, पण भिंतीला दोन्ही हात टेकून उभी राहिली ते गुरुदासने बघितलं. त्याचं मन कळवळलं. बाहेर येऊन तो म्हणाला की न्हाणीत धरायला दांडी बसवायलाच हवी, आणि चष्मा शोधू लागला. सावित्रीचे कान टवकारले. थोड्या वेळाने मोबाइल हातात घेऊन तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. दांड्या दोन तऱ्हेच्या असतात, एक सरळ, एक वाकडी, आणि जपानमध्ये म्हणे...

सावित्रीने गॅस बंद केला, म्हणाली, बघा तुमी, नीट बघा, आणि मागीलदाराने बाहेर पडली. वाडीत नळजोडणी करणारा एकजण होता. त्याला ती हाताला धरूनच घेऊन आली. त्याच्याकडे कुठल्याशा कामातून उरलेलं स्टीलचं नळकांडं होतं, ते त्याने न्हाणीच्या भिंतीत दोन्ही टोकांनी घट्ट बसवून दिला. गुरुदास जपानचं वाचून बाहेर आला तेव्हा सिमेंटवर हात फिरवून तो माणूस निघालाही होता.

"कंपनी खंयची?" गुरुदासने विचारलं.

"वाडयेतली," सावित्री म्हणाली.

सिमेंट सुकल्यावर सीतेने दांडी धरून बघितली. ओढून बघितली, लोंबकळल्यासारखं करून बघितलं. मग कुणाचा हात न घेता उठली, काठी घेऊन पडवीत गेली, बाकावर बसली आणि आतल्या लोकांना हाक मारून विचारू लागली की ह्या घरात चहा मिळतो की नाही.